वारसदार आणि वारसा : फेलिब्रिजच्या नेतृत्वाविषयी

साहित्याच्या नोबेल पारितोषिकांची यादी आपल्या विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी ठाऊक असते; परंतु १९०४ या वर्षापाशी ती बहुधा अडखळते. त्या वर्षी पारितोषिक दोघांत विभागून देण्यात आले. एक स्पॅनिश नाटककार होसे एचेगाराय आणि दुसरा फ्रेडरिक मिस्त्राल. मिस्त्राल फ्रान्सचा नागरिक होता, मात्र ज्या कवितेसाठी त्याचा सन्मान झाला ती फ्रेंच भाषेत लिहिलेली नव्हती. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील शेतकरी, मेंढपाळ आणि कोळी जी भाषा बोलत, ती प्रोव्हान्साल ही त्याच्या कवितेची भाषा. या भाषेच्या पाठीशी राज्यसत्ता नव्हती. शाळेत तिला जागा नव्हती आणि सुशिक्षित समाज तिला 'पात्वा' म्हणजे गावंढळ बोली म्हणून हिणवीत असे. तिच्या पाठीशी जे काही होते त्यात एक संस्था प्रमुख होती. तिचे नाव फेलिब्रिज.

ही संस्था १८५४ साली स्थापन झाली आणि आजही तिचे कार्य चालू आहे. पावणेदोनशे वर्षांच्या घरात पोचलेली भाषाविषयक संस्था जगात कोठेही अपूर्वच मानावी लागेल. तिचा इतिहास सांगताना दोन ठराविक सूर लावले जातात. एका सुरात तिचे गौरवगान होते. दुसऱ्या सुरात ती पोशाखी, उत्सवी, स्मरणरंजनात रमलेली मंडळी ठरते. मला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात. फेलिब्रिजच्या इतिहासातून साहित्याच्या अभ्यासकाने घ्यावयाचा धडा तिच्या नेतृत्वाच्या रचनेत आहे, असे माझे मत आहे. या संस्थेने आपल्या पदांचा वारसा अत्यंत निगुतीने पुढच्या पिढीकडे दिला. त्याच काळात भाषेचा वारसा घराघरांत तुटत गेला. या दोन घटनांचा परस्परसंबंध काय, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम स्थापनेकडे पाहू. २१ मे १८५४ रोजी अविन्यों शहराजवळच्या फोंत-सेग्युन्य येथील एका वाड्यात सात तरुण कवी जमले. वाडा पोल जिएरा या नोटरीच्या घराण्याचा. उरलेल्या सहा जणांत जोसेफ रुमानीय हा माळ्याचा मुलगा, पुढे अविन्योंमध्ये पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक झालेला. तेओदोर ओबानेल हा मुद्रक. आल्फोंस तावां शेतकरी. आन्सेल्म मात्यू हा द्राक्षमळे असलेल्या कुटुंबातला. जां ब्रुने रंगकारागीर. आणि मिस्त्राल हा मायान गावच्या सधन शेतकऱ्याचा, कायद्याची पदवी घेऊनही वकिली न केलेला मुलगा. रुमानीय हा अविन्योंच्या एका शाळेत मिस्त्रालचा शिक्षक होता. आपली आई फ्रेंच जाणत नाही, म्हणून आपण तिच्या भाषेत लिहू लागलो, असे तो सांगे. ही गोष्ट कितपत सजवलेली आहे हे सोडून देऊ. पण प्रेरणा कोठून आली याचे ती अचूक दर्शन घडवते. वाचक डोळ्यांसमोर होता आणि तो घरातला होता.

संस्थेच्या नावाची कथाही अर्थपूर्ण आहे. 'फेलिब्र' हा शब्द मिस्त्रालला मायान परिसरातील एका जुन्या मौखिक प्रार्थनेत सापडला. त्या प्रार्थनेत बाल येशू मंदिरात 'धर्मशास्त्राच्या सात फेलिब्रां'शी वाद करतो, असा उल्लेख येतो. शब्दाचा नेमका अर्थ सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हता. तो पंडित किंवा शास्त्री असा असावा, एवढेच संदर्भावरून कळत होते. सात कवींनी तो उचलला आणि स्वतःला लावून घेतला. लोकांच्या तोंडी असलेला, पण अर्थ हरवलेला शब्द कवींनी पुन्हा चलनात आणला. फेलिब्रिजचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या एका कृतीत एकवटली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आरंभीच्या काळात या मंडळींनी जे केले ते आजही अनुकरणीय वाटावे असे आहे. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, त्यांनी 'आर्माना प्रुव्हांसाउ' हे वार्षिक पंचांग काढले. शेतकऱ्याच्या घरात एकच छापील वस्तू असेल तर ती पंचांग असते, हे त्यांनी ओळखले होते. तिथी, जत्रा, बाजाराचे दिवस यांच्या जोडीला कविता, गोष्टी, विनोद, म्हणी अशी त्याची रचना होती. मिस्त्रालने आपल्या आठवणींत दिलेल्या हिशोबानुसार पाचशे प्रतींपासून सुरुवात झालेला हा अंक पुढे दहा हजारांपर्यंत गेला. भाषा टिकवायची तर ती ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्या घरात छापील रूपाने गेली पाहिजे, हा साधा विचार त्यामागे होता. पंचांगासाठी अध्यक्ष लागत नाही. संपादक, मुद्रक आणि खेड्याखेड्यांत फिरणारा विक्रेता लागतो.

१८५९ साली मिस्त्रालचे 'मिरेयो' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. हे काव्य मूळ प्रोव्हान्साल आणि समोरासमोर कवीनेच केलेला फ्रेंच अनुवाद अशा स्वरूपात छापलेले होते. लामार्तिनने पॅरिसमध्ये त्याचे मुक्तकंठाने स्वागत केले, १८६४ साली गुनोने त्यावर संगीतिका रचली आणि मिस्त्राल युरोपभर पोचला. एका अर्थाने ही मोठी भाग्याची गोष्ट होती, कारण हिणवल्या गेलेल्या बोलीत महाकाव्याची उंची गाठता येते हे सिद्ध झाले. दुसऱ्या अर्थाने येथे वाचकाची दिशा बदलली. पंचांगाचा वाचक शेतावर होता. 'मिरेयो'चा न्यायनिवाडा मात्र पॅरिसमध्ये झाला आणि तो अनुवादाच्या आधारे झाला. कवीला याचा दोष देता येत नाही. प्रत्येक छोट्या भाषेतील मोठ्या लेखकाला या दोन वाचकांमध्ये उभे राहावे लागते. पण संस्थेने या दोहोंपैकी कोणाला आपला खरा वाचक मानले, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

१८७६ साली अविन्यों येथे फेलिब्रिजची रीतसर घटना तयार झाली आणि मित्रमंडळाची संस्था झाली. पन्नास 'माजोराल' म्हणजे वरिष्ठ सदस्य. त्यांची एक परिषद. तिने निवडलेला प्रमुख म्हणजे 'कापुलिए'. आणि त्याखाली प्रांतवार शाखा. माजोराल हे पद तहहयात असते. प्रत्येक माजोरालला सोन्याचा एक सिकाडा मिळतो. झाडावर बसून भर उन्हात किरकिरणारा हा कीटक प्रोव्हान्सच्या उन्हाळ्याचे प्रतीक मानला जातो. प्रत्येक सिकाड्याला स्वतंत्र नाव असते. धारकाचे निधन झाले की उरलेले माजोराल त्याच्या जागी नवा सदस्य निवडतात आणि तोच सिकाडा त्याच नावाने नव्या धारकाकडे जातो. सात किरणांचा तारा हे संस्थेचे चिन्ह. दरवर्षी 'सांतो एस्तेलो' या नावाने मेळावा भरतो. १८६७ साली कॅटलन मित्रांनी भेट दिलेला चांदीचा चषक तेथे हातोहात फिरतो आणि मिस्त्रालने त्यावर रचलेले गीत उभे राहून गायले जाते.

या रचनेत एक विसंगती आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पॅरिसच्या भाषिक वर्चस्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्या या संस्थेने आपला साचा पॅरिसकडूनच घेतला. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीत चाळीस तहहयात आसने आहेत आणि रिक्त जागा उरलेले सदस्यच भरतात. फेलिब्रिजने पन्नास आसने केली, तत्त्व तेच ठेवले. आता अकादमीच्या पाठीशी सबंध राज्ययंत्रणा होती. तिने शब्दकोशाला विलंब केला तरी फ्रेंच भाषेचे काही बिघडणार नव्हते, कारण फ्रेंच शिकवण्याचे काम गावोगावचे शिक्षक करीत होते. प्रोव्हान्सालला असा शिक्षक नव्हता. ज्या भाषेला शाळा नाही तिच्या संस्थेने अकादमीचे रूप घ्यावे, ही माझ्या दृष्टीने फेलिब्रिजच्या इतिहासातील निर्णायक घटना आहे.

येथे 'कापुलिए' या शब्दाचा विचार करावा. प्रोव्हान्सालमध्ये हा शब्द कापणी करणाऱ्यांच्या टोळीच्या म्होरक्याला लावतात. पहिला विळा त्याचा चालतो आणि बाकीची ओळ त्याच्या गतीने पुढे सरकते. मिस्त्रालने संस्थाप्रमुखासाठी हा शब्द योजला यात त्याची दृष्टी दिसते. १८७६ ते १८८८ या काळात तो स्वतः या पदावर होता आणि त्याच सुमारास त्याने आपल्या आयुष्यातील सर्वात चिवट काम पूर्ण केले. 'लू त्रेझोर दू फेलिब्रिज' हा त्याचा दोन खंडांचा प्रोव्हान्साल–फ्रेंच कोश १८८६ पर्यंत छापून पुरा झाला. त्यात एकट्या प्रोव्हान्सच्या बोलीचे शब्द नाहीत. लांगदोक, गास्कनी, लिमुझँ अशा दक्षिणेतील नाना बोलींची रूपे शेजारी शेजारी नोंदलेली आहेत. शेतीची अवजारे, वनस्पती, वारे, म्हणी, शिव्या, ग्रामनामे असे सारे काही त्यात आहे. आजही या भाषेच्या अभ्यासकाला हा कोश टाळून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर संग्रहालय आले. आर्ल शहरात त्याने 'म्युझेओं आर्लातेन' हे लोकजीवनाचे संग्रहालय उभारले, ते १८९९ साली लोकांसाठी खुले झाले. नोबेलचे पैसे त्याने याच कामी लावले. कोश आणि संग्रहालय ही दोन्ही कामे कापुलिएच्या मूळ अर्थाला साजेशी होती. विळा त्याच्या हाती होता.

परंतु मिस्त्रालनंतर संस्थेने त्याच्याकडून काय घेतले? १८८८ मध्ये त्याने पद सोडले, तरी १९१४ साली मृत्यू होईपर्यंत त्याचा अधिकार अबाधित राहिला. १९०९ मध्ये 'मिरेयो'ला पन्नास वर्षे झाली तेव्हा आर्लच्या चौकात त्याच्याच उपस्थितीत त्याच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हयात माणसाचा पुतळा उभा राहिला की त्याच्या शेजारी दुसऱ्या कोणाला उभे राहणे अवघड होते. त्याच वर्षी कापुलिए पिएर देव्होल्युइ याने पद सोडले, ही गोष्ट मला सूचक वाटते. देव्होल्युइ व्यवसायाने लष्करी अधिकारी होता. १९०१ साली निवडून आला होता. फेलिब्रिजला कृतिशील चळवळीचे रूप यावे, अशी त्याची धडपड होती. ती संस्थेतील अनेकांना मानवली नाही.

पुढच्या कापुलिएंची यादी चाळली तर काही गोष्टी डोळ्यांत भरतात. १९२२ ते १९४१ मारिउस जुव्हो; १९७१ ते १९८२ त्याचाच मुलगा रने जुव्हो. १९४१ ते १९५६ या काळातील कापुलिएचे नाव फ्रेडरिक मिस्त्राल असेच आहे. हा कवीचा त्याच नावाचा नातलग, आणि वेगळा ओळखू यावा म्हणून त्याच्या नावापुढे 'नव्हो' म्हणजे पुतण्या असे जोडले जाई. ही माणसे अपात्र होती असे मला सुचवायचे नाही. रने जुव्होने फेलिब्रिजचा इतिहास लिहिला आणि तो अभ्यासकांना उपयुक्त आहे. मुद्दा संस्थेच्या मनोवृत्तीचा आहे. जेथे पदाचे चिन्हच मृताकडून जिवंताकडे जाणारा सिकाडा आहे, तेथे नेतृत्व म्हणजे उत्तराधिकार असा समज रुजणे स्वाभाविक होते. १८७६ पासून २०२२ साली निवडून आलेल्या पॉलँ रेनारपर्यंतच्या कापुलिएंत एकही स्त्री नाही. स्त्रियांसाठी संस्थेने वेगळे स्थान निर्मिले : दर सात वर्षांनी निवडली जाणारी फेलिब्रिजची राणी. पहिली राणी १८७८ साली मिस्त्रालची पत्नी मारी रिव्हिएर झाली. मातृभाषा म्हणून जिचा गौरव होतो ती भाषा मुलापर्यंत मुख्यतः आईकडून पोचत असेल, तर आईला मुकुट देऊन परिषदेचे आसन पुरुषांकडे ठेवण्यात संस्थेचा केवढा तोटा झाला, याचा विचार व्हायला हवा.

मतभेद दाबण्याची वृत्तीही लवकरच दिसू लागली. सात संस्थापकांपैकी ओबानेल हा बहुधा सर्वात उत्कट भावकवी. १८८५ मध्ये त्याच्या 'लि फियो दाव्हिन्युन' या संग्रहातील शृंगारामुळे अविन्योंच्या आर्चबिशपची खप्पामर्जी झाली आणि कवीला पुस्तक मागे घ्यावे लागले. रुमानीय हा कट्टर कॅथलिक आणि राजनिष्ठ. त्याचे आणि ओबानेलचे संबंध तोवर बिघडलेलेच होते. वर्षभरात ओबानेल वारला. दोन वर्षांनी मिस्त्रालनंतरचा कापुलिए म्हणून रुमानीयची निवड झाली. त्याच्यामागून फेलिक्स ग्रास आला. हा प्रजासत्ताकवादी होता आणि फ्रेंच राज्यक्रांतीत सामील झालेल्या दक्षिणेकडील सामान्य माणसांवर त्याने कादंबरी लिहिली. राजनिष्ठानंतर प्रजासत्ताकवादी प्रमुख होऊ शकतो, एवढी लवचीकता संस्थेत होती हेही नमूद केले पाहिजे.

पण १८९२ साली पॅरिसमधील काही तरुण फेलिब्रांनी दक्षिणेला राजकीय स्वायत्तता हवी असा जाहीरनामा याच ग्रासपुढे वाचला, तेव्हा पॅरिसमधील शाखेने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. त्या तरुणांत शार्ल मोरास होता. पुढे तो उग्र राष्ट्रवादी आणि ज्यूद्वेष्ट्या राजकारणाचा प्रवक्ता झाला, म्हणून त्याच्याविषयी सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. तथापि त्या प्रसंगी पुढे आलेला प्रश्न, भाषेचे भवितव्य सत्तेशिवाय ठरू शकते काय, हा माणसांबरोबर हाकलून देता येण्याजोगा नव्हता.

राजकारणापासून अलिप्त राहणारी संस्था राजकारणाच्या तावडीतून सुटते, असेही घडत नाही. १९४० साली फ्रान्सचा पराभव झाल्यावर मार्शल पेतँने मिस्त्रालच्या जन्मदिनाच्या निमित्ताने त्याला आदरांजली वाहणारा संदेश धाडला. माती, कुटुंब, परंपरा या व्हिशी राजवटीच्या घोषणांना मिस्त्रालचे नाव सोयीचे होते. अनेक फेलिब्रांनी या मानाचे स्वागत केले. १९४१ च्या अखेरीस प्रादेशिक भाषा शाळेत ऐच्छिक स्वरूपात शिकवण्याची मुभा मिळाली, तीही या राजवटीकडून; मुक्तीनंतर तो आदेश रद्द झाला. जी भाषा शेतकऱ्याच्या स्वाभिमानाची म्हणून उभी राहिली, तिच्यावर पुढे कित्येक वर्षे प्रतिगामी असा शिक्का बसला. मृत कवी आपल्या नावाचा गैरवापर थांबवू शकत नाही. ते काम त्याच्या संस्थेचे असते.

१९४५ साली तुलूज येथे 'ऑक्सितान अभ्यास संस्था' स्थापन झाली ती बऱ्याच अंशी या पार्श्वभूमीवर. या मंडळींनी संबंध दक्षिणेची मिळून एक ऑक्सितान भाषा मानली आणि मध्ययुगीन त्रुबादूर कवींच्या परंपरेकडे झुकणारी लेखनपद्धती पुरस्कारली. मिस्त्रालची पद्धती उच्चारानुसारी, फ्रेंच शाळेत शिकलेल्याला वाचता येईल अशी. त्यामुळे 'मिरेयो' हे नाव दुसऱ्या पद्धतीत 'मिरेल्या' असे वाचावे लागेल अशा रीतीने लिहिले जाते. हा वाद दशकानुदशके चालला. १९५४ मध्ये, फेलिब्रिजच्या शताब्दीच्याच वर्षी, रोबेर लाफोंने 'मिस्त्राल अथवा भ्रम' अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक प्रसिद्ध केले. मिस्त्रालच्या काव्याची थोरवी मान्य करून त्याच्या चळवळीच्या कल्पनाविश्वावर त्याने बोट ठेवले. लाफोंची टीका मला मोलाची वाटते. परंतु शुद्धलेखनाच्या वादात दोन्ही पक्षांची जी शक्ती खर्ची पडली तिच्याविषयी खेदच वाटतो. शब्दाच्या शेवटी कोणते अक्षर लिहावे यावर विद्वान भांडत असताना तो शब्द उच्चारणारी मुले कमी होत चालली होती.

ती का कमी झाली, याचे मुख्य उत्तरदायित्व फेलिब्रिजवर टाकणे अन्यायाचे ठरेल. १७९४ साली आबे ग्रेग्वारने बोली नष्ट करून फ्रेंचचा वापर सार्वत्रिक करण्याची निकड सांगणारा अहवाल राज्यक्रांतीच्या सभेपुढे मांडला होता. १८८१–८२ च्या जुल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले आणि ते फ्रेंचमध्ये होते. वर्गात बोलीतला शब्द निघाला की त्या मुलाच्या हाती एखादी खूणवस्तू द्यायची, आणि त्याने ती दुसऱ्या बोलीभाषक सोबत्याला पकडून त्याच्या गळ्यात टाकायची, अशी शिक्षा अनेक शाळांत रूढ होती. लाज ही अशी शिकवली गेली. ही लाज शिकलेली पिढी आईबाप झाली तेव्हा तिने मुलांशी फ्रेंचमध्येच बोलणे पसंत केले. १९५१ च्या देक्सोन कायद्याने काही प्रादेशिक भाषांना शाळेचे दार किलकिले करून दिले, तोवर खूप उशीर झाला होता. युनेस्कोने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहात प्रोव्हान्साल ही गंभीर धोक्यातील भाषा म्हणून नोंदली आहे.

यावर असा आक्षेप येईल की सबंध राज्ययंत्रणेपुढे कवींची संस्था काय करणार? फेलिब्रिज नसती तर कोश नसता, 'मिरेयो' नसते, भाषेला प्रतिष्ठा नसती आणि पुढे ज्यांनी शाळा काढल्या त्यांच्याकडे शिकवण्याजोगे काही नसते. हा आक्षेप बराचसा खरा आहे आणि मी तो मान्य करतो. फेलिब्रिजने भाषेला स्मृती दिली. परंतु स्मृतीच्या पुढची पायरी शक्यच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. १९७९ साली पो शहरात पहिली 'कालांद्रेता' सुरू झाली. ज्या शाळेत खेळ, गणित, भूगोल सारे काही ऑक्सितानमधून चालते अशी ही बालशाळा पालकांच्या आणि शिक्षकांच्या पुढाकाराने निघाली, आणि तिच्या धर्तीवर दक्षिणेत इतरत्र शाळा निघत गेल्या. या प्रयत्नामागे नोबेल पारितोषिक नव्हते, की सोन्याचा सिकाडा नव्हता. प्रोव्हान्साल घरोघरी बोलली जात होती तेव्हा, म्हणजे १८७६ नंतरच्या पहिल्या पन्नास वर्षांत, पन्नास माजोरालांच्या जोडीला पन्नास बालवर्ग चालवण्याची कल्पना संस्थेच्या केंद्रस्थानी आली असती तर? शिक्षणाची मागणी फेलिब्रांनी केली नाही असे नाही. वेळोवेळी ठराव झाले, शासनाकडे अर्ज गेले. पण संस्थेची सर्वोच्च प्रतिष्ठा कवीला होती, शिक्षकाला नव्हती. संस्था ज्याला मान देते तेच काम करायला माणसे पुढे येतात.

मे २०२१ मध्ये घडलेल्या दोन घटना या संदर्भात शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रेंच संसदेने प्रादेशिक भाषांच्या रक्षणासाठी कायदा संमत केला होता. सार्वजनिक शाळांतून पूर्णतः त्या भाषेच्या माध्यमात शिकवण्याची तरतूद त्यात होती. घटना परिषदेने ती तरतूद घटनेच्या दुसऱ्या कलमाशी विसंगत ठरवून रद्द केली. 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे' हे वाक्य त्या कलमात १९९२ साली घातले गेले होते. निर्णयाची तारीख २१ मे. फोंत-सेग्युन्यच्या बैठकीला त्या दिवशी बरोबर एकशे सदुसष्ट वर्षे झाली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मिस्त्रालचे आर्लमधील संग्रहालय बारा वर्षांच्या नूतनीकरणानंतर मोठ्या दिमाखात पुन्हा उघडले. संग्रहालयाला कोणाची हरकत नव्हती. हरकत वर्गाला होती.

हा फरक आपण साहित्याच्या शिक्षकांनी नीट समजून घेतला पाहिजे. वारसा या शब्दाला सत्ता सहसा घाबरत नाही. पोशाख, गीते, चषक, पुतळे, मेळावे यांना ती आनंदाने अनुदान देते, कारण त्यांतून कोणाचे काही हिरावले जात नाही. ज्या क्षणी भाषा वर्तमानकाळात वावरू लागते, म्हणजे मूल तिच्यातून बेरीज-वजाबाकी शिकू लागते, त्या क्षणी खरा विरोध सुरू होतो. एखादी भाषिक संस्था वारसा जपते आहे की भाषा, हे ओळखण्याची माझ्या मते हीच कसोटी आहे. तिला कोठे टाळ्या मिळतात आणि कोठे अडवले जाते, ते पाहावे. जिला कोणीच अडवत नाही तिने आपल्या कामाची फेरतपासणी करावी.

फेलिब्रिजला आजवर ज्या गोष्टीचा सर्वाधिक अभिमान राहिला, ती म्हणजे अखंडता. एकाही सिकाड्याचे नाव पुसले जाऊ नये, अशी ही परंपरा. हे सातत्य कौतुकास्पद आहे. दोन महायुद्धे, राजवटींची उलथापालथ आणि अंतर्गत भांडणे यांतून ही संस्था टिकली, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनाम सभासदांची निष्ठा आहे. परंतु संस्थेचे सातत्य आणि भाषेचे सातत्य यांचे मोजमाप वेगवेगळ्या मापांनी करावे लागते. पदाची जागा रिक्त झाली की निवडणूक घेऊन ती भरता येते. म्हातारीबरोबर गेलेली भाषा तिच्या नातवाला आली नसेल तर ती जागा भरण्याचा अधिकार कोणत्याच परिषदेकडे नसतो.

नेतृत्वाचा आदर्श शोधायचा तर तो फेलिब्रिजच्याच शब्दकोशात आहे. कापुलिए म्हणजे कापणीच्या ओळीत सर्वात पुढे वाकून काम करणारा माणूस. मिस्त्रालच्या खुर्चीला वारस मिळत गेले. त्याच्या कोशाला आणि रुमानीयच्या आईसाठी लिहिण्याच्या त्या पहिल्या हेतूला वारस मिळायला मात्र फार उशीर झाला. ते मिळाले तेव्हा संस्थेच्या परिषदेत नव्हते. पो शहरातल्या एका बालवर्गात जमिनीवर मांडी घालून बसले होते.